भोटिया कुत्र्याच्या पिल्लाला घर द्यायचंय, पण कोणाला? (गोरेगाव, वय १० आठवडे)

सोनचाफा

नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीतल्या एका कुटुंबाने हिमाचलच्या सहलीत रस्त्याकडेला विकायला ठेवलेलं पिल्लू आणलं. आपल्याला जमणार नाही हे त्यांनी लवकर मान्य केलं, हे बरं झालं. घर शोधायचं काम माझ्याकडे आलंय.

नर, 'भोटिया' (हिमालयातला राखणीचा कुत्रा) म्हणून विकलेला. काळा, भुवया आणि पंजे तपकिरी. वजन ७.८ किलो. पहिली लस आठव्या आठवड्यात झाली, जंताचं औषध दोनदा झालंय. भित्रा नाही. दारात अनोळखी माणूस आला की दोन पावलं मागे सरकतो आणि तिथूनच भुंकतो.

आत्तापर्यंत पाच जणांनी विचारलंय:
१) अलिबागजवळचं फार्महाऊस, मालक दादरला राहतात
२) वसईचा बंगला, एकत्र कुटुंब
३) घाटकोपरचा २ बीएचके
४) मुरबाडचे शेळीपालक, २२ शेळ्या
५) जुन्नरचे शेतकरी, मेंढ्या आणि ऊस

माझ्या जाहिरातीचा मजकूर असा आहे: 'मोठं मन आणि मोठी जागा असलेल्यांनी संपर्क साधावा. विनामूल्य.' यात काही बदलायला हवं का? आणि या पाचांतून निवडायचं कसं?

करवंद

जाहिरात आधी मागे घ्या. 'विनामूल्य' हा शब्द वाचून जे धावत येतात त्यांत पिल्लं गोळा करून पुढे विकणारेही असतात. लसी, जंताचं औषध आणि मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची ओळखीची चिप) यांचा झालेला खर्च घ्यायचा आणि तो आकडा जाहिरातीत लिहायचा. एवढ्यानेच निम्मे फोन कमी होतात.

'मोठं मन' सगळ्यांकडेच असतं. त्याऐवजी कुत्रा काय करणार आहे ते लिहा: रात्री भुंकेल, ४० किलोच्या आसपास जाईल, हाक मारल्यावर येईलच असं नाही, उन्हाळ्यात त्रास होईल. हे वाचूनही जो फोन करतो त्याच्याशी बोलायला मजा येते.

कडेकपारी

आधी हा कुत्रा नेमका काय आहे ते पाहू. भोटिया, गद्दी, हिमालयन शीपडॉग ही नावं डोंगरात एकमेकांत मिसळलेली आहेत. त्यातल्या गद्दीची आता करनालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे स्वतंत्र जात म्हणून नोंद आहे. पण रस्त्यावर विकलेल्या पिल्लाचे आईबाप कोणी पाहिलेले नसतात. कुठल्याशा लॅब्राडोरचं रक्तही असू शकतं. म्हणून नावावर पैज लावू नका, राखणीचा कुत्रा निघेल असं धरून तयारी करा. लॅब्राडोर निघाला तर कोणाचंच बिघडत नाही, उलटं झालं तर बिघडतं.

राखणीचा कुत्रा म्हणजे काय, यात लोकांचा घोळ होतो. बॉर्डर कोली जातीचा कुत्रा मेंढ्या हाकतो. त्याचं सगळं लक्ष माणसाच्या इशाऱ्याकडे. राखणीचा कुत्रा मेंढ्या हाकत नाही. कळपात राहतो, दिवसा लोळतो, रात्री कडेने फिरतो आणि अंधारात काही हललं की भुंकून 'इथे मी आहे' असं कळवतो. बिबट्या आणि अस्वलाच्या मुलखात हेच काम. निर्णय त्याचा तोच घेतो, कारण रात्री दोन वाजता सांगायला धनगर जागा नसतो. शहरात याच गुणाला 'ऐकत नाही' म्हणतात.

अंगाने वर्षभरात मोठा दिसेल, डोक्याने दीड-दोन वर्षांनी. मधला काळ सगळ्यात कठीण, आणि पिल्लं परत येतात ती याच काळात. त्यामुळे निवडताना १० आठवड्यांच्या गोळ्याकडे पाहू नका. १४ महिन्यांचा दांडगा कुत्रा त्या घरात कसा मावेल ते पाहा.

जाता जाता, मागचा पंजा चाचपून पाहिलात का? बऱ्याच डोंगरी कुत्र्यांना तिथे जादाचं नख असतं. ते जमिनीला लागत नाही म्हणून झिजत नाही आणि वळून मांसात रुततं. घेणाऱ्याला दाखवून ठेवा.

सातवा_मजला

फ्लॅटवाल्यांच्या बाजूने थोडं. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटीला कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही. आकार किंवा जात पाहून अडवता येत नाही आणि लिफ्टही नाकारता येत नाही. महापालिकेचा परवाना मात्र दरवर्षी काढावा लागतो आणि त्याला रेबीजच्या लसीचा दाखला लागतो.

जातीवरून अजून एक विचारलं जाईल. १२ मार्च २०२४ च्या केंद्राच्या परिपत्रकात २३ प्रकारच्या कुत्र्यांची विक्री आणि प्रजनन थांबवायला सांगितलं होतं. त्यात कॉकेशियन शेफर्ड, सेंट्रल एशियन शेफर्ड, कांगल, अकबाश, शारप्लानिनाक असे बरेच राखणीचे कुत्रे होते. भोटिया किंवा गद्दी त्यात नव्हते. कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये ते परिपत्रक रद्द ठरवलं. तरी कुणी वॉचमनमार्फत 'बंदी असलेला कुत्रा' अशी तक्रार केलीच, तर लसीच्या वहीत जात म्हणून काय लिहिलंय ते कामाला येतं. मास्टिफ हा शब्द त्या यादीत मोघम होता, म्हणून हौसेने वहीत 'तिबेटन मास्टिफ' लिहून घेऊ नका.

तेव्हा घाटकोपरच्या फ्लॅटला कायद्याची आडकाठी नाही. रात्री साडेतीनला समोरच्या विंगमधला दूधवाला दिसला की काय होईल, हा भाग कायद्यात नाही.

डॉ_शेपूट

आडकाठी हवामानाची आहे. मुंबईचा पारा नागपूरइतका चढत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात. कुत्रा धापा टाकून, जिभेवरच्या ओलाव्याच्या बाष्पीभवनाने थंड होतो. हवा दमट असली की बाष्पीभवन मंदावतं. ३३ अंश आणि दमट हवेत दुहेरी केसांचा कुत्रा नुसता बसूनही तापतो. शरीराचं तापमान एरवी ३८ ते ३९.२ सेल्सिअस. ४१ च्या पुढे गेलं की आतडी, मूत्रपिंड, मेंदू यांना इजा सुरू होते.

उष्माघात वाटला तर साधं नळाचं पाणी अंगभर ओता, पंखा लावा, गाडीत घालून डॉक्टरकडे न्या. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवायचा नाही, त्याखाली उष्णता कोंडते. तापमान ३९.५ वर आलं की पाणी ओतणं थांबवा, नाहीतर पुढे ते फार खाली जातं.

केस कापून टक्कल करणं हा उपाय नाही. वरचे राठ केस ऊन अडवतात. पूर्ण भादरलं की आतली लव आधी वाढते, आवरण बिघडतं आणि कातडी भाजते. लांब दात्यांच्या फणीने आतली सुटलेली लव आठवड्यातून दोनदा काढायची, केस गळण्याच्या मोसमात रोज.

फ्लॅटमधली दुसरी अडचण फरशीची. वाढत्या मोठ्या कुत्र्याचे पाय गुळगुळीत टाइल्सवर फाकतात आणि खुब्यात आधीच दोष असेल तर तो वाढतो. रबरी मॅट टाका. जिन्यावरून रोज पळवत चढउतार करू नका.

आणि कृपा करून कॅल्शियमचं सिरप नको. 'मोठा कुत्रा आहे, हाडं मजबूत व्हायला हवीत' म्हणून दुकानदार बाटली देतो. सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू आतड्यातून किती कॅल्शियम शोषायचं हे नीट आवरू शकत नाही. जेवढं द्याल त्यातलं बरंच अंगात जातं आणि हाडं वाकडी वाढतात. मोठ्या जातीच्या पिल्लांचं तयार खाद्य दिलं तर वरून काही लागत नाही. घरचंच द्यायचं असेल तर तोल डॉक्टरकडून बसवून घ्या. नुसती दूध-भाकरी पुरत नाही. चार महिन्यांपर्यंत दिवसातून चारदा, मग तीनदा, सहा महिन्यांनंतर दोनदा. फासळ्या बोटांना सहज लागल्या पाहिजेत. गुबगुबीत पिल्लू फोटोत छान दिसतं, सांध्यांना ते महाग पडतं.

करवंद

आता फार्महाऊस. सोनचाफा, तुमच्या यादीत मला सर्वांत जास्त धास्ती याचीच वाटते, घाटकोपरपेक्षाही.

मालक शनिवारी येतात. पाच दिवस कुत्रा माळ्याकडे. कुत्र्यासाठी माळ्याला वेगळे पैसे मिळत नसतात आणि त्याच्या बायकोपोरांना दांडग्या कुत्र्याची भीती वाटते, म्हणून साखळी. साखळीला बांधलेला राखणीचा कुत्रा पळून जाऊ शकत नाही, त्यामुळे प्रत्येक येणाऱ्यावर तुटून पडायला शिकतो. रात्री सोडला तर पाच-सहा एकर त्याला पुरत नाहीत. तो आजूबाजूच्या वाड्यांनाही आपली हद्द मानतो. कुणाच्या कोंबड्या जातात, कुणाचं पोर चावतं, आणि एक दिवस भाकरीत थायमेट (विषारी कीटकनाशक) कालवलं जातं. एकर किती हा प्रश्न गैरलागू आहे. तिथे रात्री कोण झोपतं, हे विचारा.

फोनवर विचारताना योग्य उत्तर आधी सुचवायचं नाही. 'तुम्ही बांधून ठेवणार नाही ना?' म्हटलं की कोणीही 'छे छे' म्हणेल. 'दिवसभर कुठे असेल? पाहुणे आले की कुठे असेल? गडी रजेवर गेला की जेवण कोण देईल?' असं विचारा. याआधी कुत्रा होता का आणि त्याचं काय झालं, हे तर विचाराच. 'पळून गेला' दोनदा ऐकू आलं तर कुंपण नाही असं समजा. कुत्र्याला तपासणारा डॉक्टर किती लांब आहे? तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना गाईम्हशींसाठी उत्तम असतो, पण गोचीडतापाची रक्ततपासणी तिथे होईलच असं नाही.

'चावरा होईल ना?', 'कागद आहेत का, पुढे ब्रीडिंगला लावू', 'हायवेवर अर्ध्या वाटेत आणून देता का?' यांपैकी काहीही ऐकलं की नम्रपणे फोन ठेवा. जागा बघू द्यायला जो तयार नाही त्याला पिल्लू नाही.

नवखा_शेळीपालक

मुरबाडचा तो मीच. धागा सापडला म्हणून इथेच विचारतो. २२ शेळ्या, २ बोकड, बहुतेक कोकण कन्याळ. गोठ्याला सिमेंटचे खांब आणि चेनलिंक जाळी, उंची ५ फूट, वर पत्रा. कुटुंब गोठ्याला लागूनच राहतं. एक गावठी कुत्री आहे, ४ वर्षांची, शेळ्यांत रुळलेली. पिल्लू आणलं तर पहिल्या दिवसापासून काय करायचं?

माळावरचा

गावठी कुत्री शेळ्यांत रुळलेली आहे ही तुमची सगळ्यात मोठी जमेची बाजू. पिल्लू निम्मं तिच्याकडूनच शिकेल. तिची रेबीजची आणि बाकीच्या लसी झाल्यात का ते आधी बघा.

गोठ्याच्या एका कोपऱ्यात १० बाय १० फुटांचा कप्पा करा, मध्ये बारीक जाळी. शेळ्या दिसल्या पाहिजेत, नाकाला नाक लागलं पाहिजे, पण तुडवणं होता कामा नये. खाली कोरडं गवत. पिल्लू पहिल्या रात्रीपासून तिथेच झोपणार. दोन रात्री रडेल. घरात उचलून आणलंत तर त्याचा जीव घरात अडकेल, शेळ्यांत नाही. आईभावंडांखेरीज कोणाला 'आपलं' म्हणायचं हे कुत्रा साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात शिकतो. याचे दहा आठवडे होऊन गेलेत, तेव्हा हातात वेळ थोडा आहे.

चार-पाच दिवसांनी दोन शांत शेळ्या आत सोडा. नुकती व्यालेली अजिबात नको, ती पिल्लाला ढुशी मारून बरगडी मोडेल. कोपऱ्यात आडवी फळी ठोकून खाली नऊ-दहा इंच फट ठेवा. मार बसायला लागला की पिल्लू आत सटकतं, शेळी अडकते. पिल्लाचं जेवणही त्या फटीपलीकडेच. हे महत्त्वाचं, कारण शेळ्या कुत्र्याचं खाद्य आवडीने खातात. पिल्लू आपल्या ताटावरून गुरगुरायला शिकतं आणि पुढे ताटाजवळ आलेलं करडू फाडतं. अशा बऱ्याच 'शेळीमाऱ्या' कुत्र्यांच्या मागे हे ताटच असतं.

चार ते दहा महिने हा त्रासाचा काळ. करडांच्या मागे पळणं, कान चावणं, शेपटी ओढणं. हे खेळणं असतं, पण करडू त्यात मरतं. या काळात माणूस नसताना त्याला करडांत सोडायचंच नाही. मोठ्या शेळ्यांत चालेल, त्या स्वतःच धडा देतात. सोडताना गळपट्ट्याला सहा-आठ फुटांची दोरी लोंबती ठेवा. पाठलाग सुरू झाला की दोरीवर पाय, एक जोरात 'ए!', आणि सरळ कप्प्यात. घटना होऊन पाच मिनिटं झाल्यावर मारून उपयोग नाही. का मारलं ते त्याला कळत नाही, आणि तुमच्या हाताला मात्र घाबरायला लागतो.

'माणसाने हात लावला की राखणीचा कुत्रा बिघडतो' असं कोणी सांगेल, ते ऐकू नका. रोज पाच मिनिटं गोठ्यातच पंजे, कान, तोंड हाताळा. दोरीने चालवा. गाडीत बसवा. नाहीतर ४० किलोच्या कुत्र्याला इंजेक्शन द्यायला चार माणसं लागतात.

कडेकपारी

माळावरचा यांना अनुमोदन. भर एवढीच: रे आणि लॉर्ना कॉपिंजर यांनी १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या हॅम्पशायर कॉलेजात राखणीच्या कुत्र्यांचा मोठा प्रकल्प उभारला होता. कुत्रा मोजायला त्यांनी तीन कसोट्या ठेवल्या. जनावरांना इजा करत नाही ना, जनावरांसोबत राहतो ना, आणि संकट आलं की आडवा जातो ना. घेणारे लोक तिसरीच विचारतात. पहिल्या दोन जमल्या तर तिसरी बहुधा आपोआप येते, कारण कळपाच्या मधोमध भुंकणारा मोठा कुत्रा पाहून लांडगा-कोल्हा बहुतेक वेळा वाटच बदलतो.

मुरबाडबद्दल शंका मात्र पावसाची. चार महिने ओल. दुहेरी केस आतून वाळत नाहीत, कातडी लाल होऊन चिघळते, जखमेत अळ्या पडतात. जुन्नर घाटावर, रात्री गार, पाऊस कमी. पिल्लाच्या अंगाला ते मानवेल.

माळावरचा

अंगाला मानवेल, पण बिबट्याचं काय? जुन्नर, आंबेगाव, शिरूर, संगमनेर हा उसातल्या बिबट्यांचा पट्टा. तिथे बिबट्याला कुत्रा म्हणजे सोपं जेवण. एकटा कुत्रा अंगणात बांधलेला असेल तर तो राखण करत नाही, आमिष ठरतो. सहा फुटी चेनलिंक बिबट्या सहज ओलांडतो. म्हणून रात्री जनावरं आणि कुत्रा दोन्ही छताखाली हवेत. भिंतीलाही जाळी, छतालाही जाळी किंवा पत्रा, आणि दाराखाली फट नाही.

हिमालयात कुत्र्याच्या गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा घालतात, कारण बिबट्या गळाच धरतो. गावचा लोहार करून देईल. आतून चामडं, रुंदी किमान तीन इंच, दोन बोटं जातील एवढा सैल. पण तो पूर्ण वाढलेल्या कुत्र्याला, तोही फक्त मोकळ्यावर फिरताना. करडांच्या अंगावर लोळणाऱ्या पिल्लाला घातलात तर करडाचा डोळा जाईल, आणि जाळीत काटा अडकला तर कुत्राच लटकेल.

मोकळ्या माळावर दोन किंवा तीन कुत्रे हवेत, पण सख्खी भावंडं एकदम नकोत. दोन पिल्लं मिळून शेळीचा पाठलाग करतात आणि एकमेकांना चढवतात. वर्ष-दीड वर्षाचं अंतर ठेवा.

सोनचाफा, जुन्नरवाल्यांना एवढंच विचारा: मेंढ्या रात्री कुठे असतात, आणि आत्ता किती कुत्रे आहेत? वाघरीत (जाळीच्या तात्पुरत्या कुंपणात) मेंढ्या बसवून उघड्यावर झोपणारे असतील आणि कुत्रा एकही नसेल, तर हे पिल्लू तिथे वर्षभर टिकणार नाही. बंदिस्त वाडा आणि दोन जाणते कुत्रे असतील तर मुरबाडपेक्षा उजवं.

माळशेजच्या पायथ्यालाही बिबट्या आहेच, तेव्हा मुरबाडकरांनीही चेनलिंक आणि पत्रा यांच्यातली फट किती आहे ते मोजावं.

नवखा_शेळीपालक

फट दोन फूट आहे, हवेसाठी ठेवलेली.

माळावरचा

हवा राहू दे, फटीत वेल्डेड जाळी मारा. १० गेज, भोक २ इंच. कोंबड्यांची षट्कोनी जाळी नको, पंजाने फाटते. शिवाय जमिनीलगत बाहेरच्या बाजूने दीड फूट जाळी आडवी पसरून वर दगडमाती टाका. पिल्लू बाहेर उकरत नाही आणि बाहेरचं कोणी आत उकरत नाही.

डॉ_शेपूट

शेळ्यांसोबत ठेवणार असाल तर तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या.

एक, कापलेल्या बोकडाचं काळीज, फुप्फुस वगैरे कुत्र्याला कच्चं टाकायचं नाही. त्यातल्या गाठींतून कुत्र्याला बारीक फीतकृमी होतो, त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात आणि माणसाच्या यकृतात पाण्याची गाठ होते. मेंढीच्या मेंदूतून होणारा दुसरा एक फीतकृमी आहे, त्यात मेंढ्या गोल गोल फिरायला लागतात. म्हणून प्राझिक्वांटेल असलेलं जंताचं औषध दर तीन महिन्यांनी. कच्चं खायची सवय असेल तर दर सहा आठवड्यांनी. गावातल्या साध्या जंताच्या गोळीत ते नसतं, पाकीट वाचा.

दोन, गोचीड. शेळ्यांसाठी आणलेलं औषध अंदाजाने कुत्र्याला टोचू नका, मात्रा वेगळी असते. कुत्र्यासाठीची महिन्याची किंवा तीन महिन्यांची गोळी वजनानुसार. खाणं सोडलं, हिरड्या पांढऱ्या, ताप, लघवी लाल, यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी रक्त तपासा.

तीन, साप. फुरसं, घोणस, नाग आणि मण्यार या चारही सापांवर चालणारं प्रतिविषाचं इंजेक्शन साप चावल्यावर कुत्र्यालाही देतात. तालुक्यात ते कुठल्या दवाखान्यात असतं हे चावण्याआधी माहीत हवं. जखम कापणं, दोरी आवळून बांधणं यात वेळ घालवू नका.

लसींचं वेळापत्रक: दुसरी १२ व्या आठवड्यात आणि तेव्हाच रेबीज, तिसरी १६ व्या आठवड्यात. लेप्टोची (उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या आजाराची) लस त्यात असायलाच हवी, मुरबाडचा पाऊस आणि उंदीर पाहता. दुसऱ्या लसीनंतर आठवडाभराने पाठवा.

माळावरचा

डॉक्टर, म्हणजे तेरावा आठवडा. रुळायचा काळ संपतच आला की. मी तर उद्या पाठवा म्हणतो.

डॉ_शेपूट

पार्व्होने (पिल्लांच्या जीवघेण्या विषाणूजन्य जुलाबाने) मेलेलं पिल्लू कशातच रुळत नाही. मधला मार्ग आहे. पहिली लस झाली आहे, मुरबाडची कुत्री लस दिलेली असेल आणि गेल्या वर्षभरात त्या जागेवर पिल्लू आजारी पडून मेलेलं नसेल, तर ११ व्या आठवड्यात पाठवायला माझी हरकत नाही. पुढच्या लसी तिथे वेळेवर झाल्या पाहिजेत. यातलं काहीही संशयास्पद असेल तर थांबा. थांबायचंच असेल तर गोठ्यात अंथरलेलं गोणपाट आणून पिल्लाला त्यावर झोपवा, वास तरी ओळखीचा होईल.

सोनचाफा

खूप आभार. जुन्नरवाल्यांशी बोलले. मेंढ्या आठ महिने फिरतीवर, रात्री उघड्यावर, सोबत एक म्हातारा कुत्रा. अलिबागला आठवड्यातल्या पाच रात्री फक्त माळी. घाटकोपरला सगळे दिवसभर बाहेर. वसईच्या बंगल्याचं ठरवता येत नाहीये: आजीआजोबा दिवसभर घरी, भिंत ६ फूट, पण जनावरं नाहीत आणि दोन लहान मुलं.

करवंद

वसई बाद करायचं कारण नाही, दुसऱ्या क्रमांकावर ठेवा. या कुत्र्यांना जनावरं नसली तर ते घरालाच कळप मानतात. त्यातून अडचण अशी की मुलांचे मित्र आले, आरडाओरडा, कुस्ती सुरू झाली, की तो मध्ये पडतो आणि परक्या पोराला खाली पाडतो. म्हणून पाहुण्यांसाठी वेगळं फाटक आणि कुत्र्यासाठी मागचा बंद भाग आधीच तयार हवा. आजोबा ४० किलोचा कुत्रा दोरीवर धरू शकतील का, हे स्पष्ट विचारा. शेजारची भिंत किती फुटांवर आहे तेही. रात्रीचं भुंकणं वसईतही ऐकू येतं.

मुरबाडला आधी जाऊन या. बरोबर पिल्लू नेऊ नका. नेलंत की 'आलोच आहोत तर ठेवून जाऊ' होतं. गावठी कुत्रीच्या अंगावर हात फिरवून बघा. फासळ्या, गोचीड, कानातली घाण, आणि माणूस जवळ आल्यावर ती शेपूट घालते की हलवते. नव्या कुत्र्याचं काय होणार ते जुन्या कुत्र्याकडे पाहून कळतं.

करार साध्या कागदावर दोन प्रती, दोघांच्या सह्या, ओळखपत्राची प्रत. त्यात: विकणार नाही, परस्पर कोणाला देणार नाही, प्रजननाला वापरणार नाही, न जमल्यास आधी सोनचाफा यांना कळवणार, साखळी अमुक वेळेपलीकडे नाही, लसींचे फोटो पाठवणार. मायक्रोचिपचा १५ आकडी क्रमांक त्यात लिहा आणि चिपच्या नोंदणीत मालकाचं नाव बदलून घ्या. लोक चिप बसवतात आणि नोंदणी पहिल्याच मालकाच्या नावावर राहते, मग कुत्रा हरवला की फोन तुम्हाला येतो. नसबंदीचं वयही लिहा.

डॉ_शेपूट

नसबंदी १५ ते १८ महिन्यांच्या दरम्यान, सांध्यांची वाढ होऊ द्या. आधी करू नका, विसरूही नका. पुण्याजवळच्या माळरानावर लांडगा-कुत्रा संकर जनुकीय तपासणीत सिद्ध झालाय. मोकळा फिरणारा नर त्यात भर घालतो. डिस्टेंपर (कुत्र्यांचा विषाणूजन्य आजार) आणि रेबीज लांडग्यांपर्यंत कुत्र्यांकडूनच जातात, तेव्हा या लसी फक्त तुमच्या कुत्र्यासाठी नाहीत.

नवखा_शेळीपालक

जाळीचं काम या आठवड्यात करतो, फोटो टाकतो. कुत्रीच्या लसीची वही आहे, लेप्टोची लस राहिली होती ती देऊन घेतो. आमच्याकडे ऑक्टोबरात शेळ्या वितात, तेव्हा पिल्लू सहा महिन्यांचं असेल. त्या वेळी?

माळावरचा

म्हणजे नेमकं चुकीच्या वयात. विणाऱ्या शेळ्या वेगळ्या कप्प्यात ठेवा, पिल्लू जाळीबाहेरून बघेल. विल्यानंतर पडणारी वार (करडाभोवतीचं आवरण) खाल्ली तर ओरडू नका, ते नैसर्गिक आहे. फक्त ओल्या करडाला चाटता चाटता चावायला लागलं तर बाजूला करा. व्याल्यानंतर दहा-बारा दिवसांनी, आई शांत झाल्यावर, दोरीसह पाच-दहा मिनिटं. कुत्रीला आत राहू द्या, ती दाखवेल.

सोनचाफा

ठीक, मी रविवारी मुरबाडला जाऊन येते. सगळं जुळलं तर पाठवताना काय काळजी घ्यायची? गोरेगावहून गाडीने, ठाणे-कल्याणमार्गे.

करवंद

पहाटे पाचला निघा. कल्याणच्या ट्रॅफिकमध्ये उन्हात अडकलात तर एसी असूनही पिल्लू तापतं. आदल्या रात्री आठनंतर जेवण नको, पाणी चालेल. पिंजरा किंवा मोठी खोकी, खाली वर्तमानपत्राचे चार थर, एक जादाचा संच, उलटी होणारच. वाटेत ढाब्यावर खाली सोडू नका. तिथे शेकडो कुत्रे येऊन गेलेले असतात आणि पार्व्हो मातीत महिनोन् महिने टिकतो. शू करायला गाडीतच वर्तमानपत्र.

सोबत आठ दिवसांचं तेच खाद्य द्या. नवीन खाद्य पहिल्या दोन दिवसांत एक चतुर्थांश, मग अर्धं, असं आठवड्यात बदलायचं. एकदम बदललं की जुलाब होतात आणि तो पार्व्हो आहे की खाद्य बाधलं हेच कळत नाही.

माळावरचा

आणि दुपारी पोचू नका. सकाळी शेळ्या चरायला जायच्या आधी पोचा, म्हणजे पिल्लू कप्प्यात बसून त्यांना बाहेर जाताना बघेल आणि संध्याकाळी परत येताना बघेल.

डॉ_शेपूट

लसीची वही गाडीच्या डॅशबोर्डवर विसरू नका. ती पिल्लासोबत गेली पाहिजे, व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो तालुक्याचे डॉक्टर धरत नाहीत.